लेखिका आणि तिची माणसे

एखादी कादंबरी वाचून झाली, पुस्तक मिटले, की पहिला प्रश्न मनात कोणता येतो? मी बरीच वर्षे कॉलेजात वाङ्मय शिकवतो आहे, आणि दरवर्षी नव्या मुलांच्या तोंडून तोच जुना प्रश्न ऐकतो आहे. “सर, हे खरंच घडलं होतं का?” आणि पुस्तक बाईने लिहिलेले असले, तर प्रश्नाला किंचित वेगळे वळण लागते. “सर, ही नायिका म्हणजे ती लेखिका स्वतःच ना?”

आता गंमत पाहा. हरिभाऊ आपट्यांनी ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी लिहिली. ती १८९० पासून ‘करमणूक’ पत्रात क्रमशः येत होती. सगळी कथा यमू नावाची एक मुलगी ‘मी’ म्हणून सांगते; तिचे बालपण, तिचे लग्न, तिचे वैधव्य, सगळे तिच्याच तोंडून. परंतु हरिभाऊंना कुणी विचारले नाही, की यमू म्हणजे तुम्हीच का? पुरुषाने बाईचे मन लिहिले, तर आपण म्हणतो, काय ही कल्पनाशक्ती! बाईने बाईचे मन लिहिले, तर आपण म्हणतो, हिच्या घरात काहीतरी घडलेले दिसते. कल्पनाशक्तीचे श्रेय एकाला आणि संशय दुसरीला, असा हा व्यवहार आहे.

हा विषय केवळ पंडितांच्या चर्चेचा नव्हे, हे मला फार उशिरा कळले, आणि तेही माझ्याच एका चुकीतून. काही वर्षांपूर्वी माझी एक जुनी विद्यार्थिनी कोकणपट्टीतल्या एका गावी प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. तिने एक कथा लिहिली. त्या कथेत एक सून नवऱ्याच्या आजारपणासाठी आपले मंगळसूत्र गहाण ठेवते, आणि नवरा बरा झाल्यावर मात्र ते सोडवायचे कुणाच्याच ध्यानात राहत नाही. एवढीच गोष्ट, पण फार संयमाने सांगितलेली. तालुक्याच्या गावी एका छोट्या समारंभात त्या कथेला बक्षीस मिळाले. पाहुणा म्हणून मी गेलो होतो. मी भाषणात मोठ्या कौतुकाने म्हणालो, “ही कथा वाचताना कळतं, की हे अनुभवाचे बोल आहेत!” टाळ्या झाल्या. मी एसटीने मुंबईला परतलो.

पुढे काय झाले ते मला सहा महिन्यांनी समजले. मंगळसूत्र कुणाचे, सावकार कोणता, आजार कसला, याची चौकशी गावभर झाली. तिच्या नवऱ्याला पारावर लोकांनी विचारले. सासूबाईंनी दोन महिने अबोला धरला. वास्तविक तिच्या घरात असे काहीच घडले नव्हते. बाईंनी लिहिणे सोडून दिले. त्यांनी मला दोष दिला नाही. पण दोष माझाच होता. ‘अनुभवाचे बोल’ हे दोन शब्द मी स्तुती म्हणून बोललो, आणि ते तिच्या दारात पंचनाम्यासारखे जाऊन पडले.

तेव्हापासून मी स्वतःशी विचार करू लागलो, की लेखिका आणि तिने निर्माण केलेली माणसे यांचे नाते खरोखर असते तरी कसे? नाते नसतेच, असे म्हणणे खोटे ठरेल. विहिरीत पाणी येते ते जमिनीतूनच. पण म्हणून पाणी म्हणजे माती नव्हे.

आपल्या बायाबापड्यांना हे नाते फार पूर्वीपासून ठाऊक आहे. पहाटे जात्यावर बसलेली बाई ओवी गाते. ओवी असते सीतेच्या वनवासाची. पलीकडच्या खोलीत सासू जागी असते. ओवीत दुःख सीतेचे, सासुरवास सीतेचा, पाठीशी उभे न राहिलेले माणूसही सीतेचेच. दळणाऱ्या बाईला कुणी टोकले, तर ती सरळ म्हणेल, “मी आपलं सीतामाईचं गात्ये!” हे खरेही आहे आणि पूर्ण खरेही नाही. तिला सीतेमुळे दोन गोष्टी मिळाल्या. एक, बोलायला आडोसा. आणि दुसरी, त्याहून मोठी, ती ही की आपले दुःख एकटीचे नव्हे असा दिलासा. कथाकादंबरीतले पात्र म्हणजे लेखिकेची सीतामाई असते, असे मी म्हणतो ते याच अर्थाने.

माझ्या रोजच्या वाटेवर जुहूला महिला विद्यापीठाचे आवार लागते. मुली घोळक्याने आत जात असतात. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी हे नाव फाटकावर वाचले, की मला महर्षी धोंडो केशव कर्वे आठवतात. १९१६ साली त्यांनी हे विद्यापीठ पुण्याजवळ हिंगण्याला सुरू केले. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसींनी पंधरा लाखांची देणगी दिली, आणि त्यांच्या मातोश्रींचे नाव विद्यापीठाला मिळाले. आता हे येथे सांगण्याचे कारण काय? कारण असे, की आपल्या आजच्या विषयाशी ज्या दोन मराठी लेखिकांचा सर्वांत जवळचा संबंध आहे, त्या दोघींचेही धागे याच झाडाला बांधलेले आहेत. एक त्या संस्थेत शिकलेली, आणि दुसरी अण्णांच्या घरातली नात.

पहिली, विभावरी शिरूरकर. १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह निघाला. शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, अविवाहित मुलींच्या मनात काय चालते, हे त्यात पहिल्यांदा इतके उघड लिहिले होते. महाराष्ट्रात एकच गिल्ला झाला. आणि लोकांनी पहिले काम कोणते केले, तर ही विभावरी कोण, याचा शोध! कथा खऱ्या का खोट्या, चांगल्या का वाईट, हा प्रश्न मागे पडला. बाई कोण, हा पुढे आला. विभावरी म्हणजे रात्र. त्या रात्रीच्या पदराआड होत्या बाळूताई खरे, म्हणजेच पुढच्या मालतीबाई बेडेकर. टोपणनाव हा त्यांचा शौक नव्हता. ते संरक्षण होते. आपण केलेल्या पात्रांच्या पापपुण्याचा हिशेब लोक आपल्याकडून मागणार, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

याच बाईंनी पुढे १९५० मध्ये ‘बळी’ ही कादंबरी लिहिली. इंग्रज सरकारने ज्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवून तारेच्या कुंपणात ठेवले, त्यांच्या वस्तीचे चित्र तीत आहे. सोलापूरच्या अशा सेटलमेंटमध्ये मालतीबाईंनी स्वतः काम केले होते. म्हणजे अनुभव इथेही होताच. पण ‘बळी’तली माणसे म्हणजे लेखिका, असे कुणाला म्हणता येणार नाही. ती कुंपणाच्या आतली, ही बाहेरून आत येणारी. तेव्हा लेखिकेचा अनुभव म्हणजे केवळ तिच्या अंगावर जे आले ते नव्हे. तिने जे पाहिले, ऐकले, आणि पाहून जिची झोप उडाली, तोही तिचा अनुभवच.

दुसरी लेखिका, गौरी देशपांडे. जन्म १९४२, पुण्यात. आजोबा महर्षी कर्वे. वडील दिनकर कर्वे. आई म्हणजे थोर समाजशास्त्रज्ञ आणि ‘युगान्त’च्या लेखिका इरावती कर्वे. या इरावतीबाईंचा जन्म ब्रह्मदेशात झाला, आणि तिथल्या इरावती नदीवरून त्यांचे नाव ठेवले गेले. महिला विद्यापीठाच्या कुलसचिव म्हणून त्यांनी मुंबईत काही वर्षे कामही केले. त्यांचा ‘परिपूर्ती’ नावाचा एक लेख प्रसिद्ध आहे. सभेत बाईंची ओळख अमक्यांची सून, तमक्यांची पत्नी अशी करून दिली जाते. पण ओळख पुरी झाल्यासारखे त्यांना वाटत नाही. शेवटी रस्त्यात शाळकरी पोरे एकमेकांना सांगतात, की ही आपल्या वर्गातल्या कर्व्याची आई. तेव्हा कुठे परिपूर्ती होते. लेख हसतखेळत लिहिला आहे, पण प्रश्न खोल आहे. बाईची ओळख कशावरून करायची?

गौरीबाईंनी हाच प्रश्न आयुष्यभर कथांतून विचारला, असे मला वाटते. त्यांच्या लेखनाची वाट मोठी विलक्षण आहे. सुरुवातीला त्या इंग्रजीत कविता लिहीत. १९६८, १९७० आणि १९७२ अशी त्यांची तीन इंग्रजी कवितांची पुस्तके निघाली. पुढे त्यांच्या आयुष्याची बरीच वर्षे परदेशात गेली. आणि ज्या काळात इंग्रजीच जवळची व्हायची, त्या काळात त्यांनी कथाकादंबऱ्या लिहिल्या त्या मराठीत! ‘एकेक पान गळावया’ १९८० साली आले. ‘तेरुओ आणि काही दूरपर्यंत’ १९८५ चे, ‘निरगाठी आणि चंद्रिके गं सारिके गं’ १९८७ चे, आणि ‘दुस्तर हा घाट आणि थांग’ १९८९ चे. पहिल्या पुस्तकाचे नावच मर्ढेकरांच्या ‘शिशिरागम’मधून उचललेले. दूर देशी जाणारा माणूस ट्रंकेत काय भरून नेतो? कुणी लोणच्याची बरणी नेतो, कुणी देवघरातला टाक. या बाईंनी कविता नेली, म्हणी नेल्या, आईचे बोलणे नेले. त्यांच्या नायिका परक्या देशातल्या स्वयंपाकघरात उभ्या असतात, पण मनाशी बोलतात ते अस्सल पुणेरी मराठीत.

या नायिका कशा आहेत? बहुतेक जणी शिकलेल्या, प्रौढ, मुले मोठी झालेल्या. नवरा किंवा मित्र पुष्कळदा परदेशी. ‘तेरुओ’मध्ये जपानात राहणारी भारतीय स्त्री आहे, आणि तेरुओ हा जपानी पुरुष. या बायका कुणी छळ केला म्हणून रडत बसत नाहीत. आपण प्रेम कुणावर केले, का केले, घर का सोडले किंवा का सोडले नाही, याचे उत्तर त्या स्वतःलाच विचारतात. साहजिकच वाचकांनी ठरवून टाकले, की या सगळ्या गौरीच. शिक्षण जुळते, घराणे जुळते, परदेश जुळतो. मग राहिले काय?

राहिले पुष्कळ. असे पाहा. गौरीबाईंनी १९९६ साली ‘विंचुर्णीचे धडे’ हे पुस्तक लिहिले. विंचुर्णी हे सातारा जिल्ह्यातले, फलटणजवळचे छोटे गाव. तिथे त्या घर करून राहिल्या. पाणी, जनावरे, शेजारी, पाऊस न पडण्याची वर्षे, हे सगळे शहरी बाईला कसे शिकावे लागले, ते त्यात आहे. हे मात्र त्यांच्या स्वतःच्या जगण्यातून सरळ आलेले लेखन. हे पुस्तक आणि त्यांची एखादी दीर्घकथा शेजारी शेजारी ठेवून वाचावी. पहिल्यात त्या सांगतात, मला काय झाले. दुसऱ्यात त्या विचारतात, माझ्यासारख्या बाईने ही वाट न घेता ती घेतली असती, तर काय झाले असते? कथेतले पात्र हे बहुधा लेखिकेने प्रत्यक्षात न चाललेली वाट चालत असते.

आता मी तुम्हाला फार लांब नेतो. अमेरिकेच्या आग्नेयेला, कॅरिबियन समुद्रात, हैती नावाचा देश आहे. एका बेटाचा पश्चिमेकडचा तिसरा हिस्सा, एवढाच त्याचा विस्तार. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांनी फ्रेंच मालकांविरुद्ध उठाव केला आणि १८०४ मध्ये देश स्वतंत्र केला. या देशाच्या राजधानीत, पोर्त-ओ-प्रँस येथे, १९६९ साली एडवीज दांतिका या लेखिकेचा जन्म झाला. ती दोन वर्षांची असताना वडील पोटापाण्यासाठी न्यूयॉर्कला गेले. दोन वर्षांनी आईही गेली. मुलीला वाढवले काका-काकूंनी. बारा वर्षांची झाल्यावर, १९८१ मध्ये, ती आईवडिलांकडे न्यूयॉर्कला आली. घरची भाषा क्रेओल, शाळेची फ्रेंच. लिहू लागली मात्र तिसऱ्याच भाषेत, इंग्रजीत.

कोकणातल्या श्रोत्यांना ही कथा परकी वाटणार नाही. बाप मुंबईच्या गिरणीत, आई कालांतराने त्याच्या मागोमाग, आणि पोरे गावी चुलत्याजवळ, अशी किती घरे आपण पाहिली! तिथे मुंबईच्या जागी न्यूयॉर्क घाला, एवढेच.

१९९४ मध्ये दांतिकाबाईंची पहिली कादंबरी आली, ‘ब्रेथ, आइज, मेमरी’. तिची नायिका सोफी. सोफीला मावशी वाढवते, आणि बाराव्या वर्षी ती न्यूयॉर्कला आईकडे पाठवली जाते. झाले! वाचकांनी म्हटले, ही तर लेखिकेचीच गोष्ट.

पण थांबा. इथे आपली मराठी भाषा आपल्या मदतीला येते. इंग्रजीत काकू आणि मावशी दोघींना एकच शब्द. त्यामुळे इंग्रजी वाचकाच्या ध्यानात फरक सहज येत नाही. मराठीत सांगायला लागलो, की तो लगेच उघडा पडतो. लेखिकेला वाढवले वडिलांच्या थोरल्या भावाने आणि त्याच्या बायकोने, म्हणजे काका-काकूंनी. सोफीला वाढवते आईची बहीण, मावशी. काकूची मावशी का झाली? कारण सोफीला बापाचे कूळच ठेवलेले नाही. तिच्या आईवर झालेल्या अत्याचारातून तिचा जन्म आहे. बाप कोण ते कुणाला ठाऊक नाही. सगळी कादंबरी आजी, आई, मावशी आणि मुलगी या बायकांच्या साखळीची आहे. म्हणून काका गेला, काकू गेली आणि मावशी आली. एका नात्याच्या बदलातून लेखिकेचा हात दिसतो. आणखी पाहा. कादंबरीत सोफीची आई शेवटी आपला जीव देते. लेखिकेची स्वतःची आई कादंबरी निघाल्यावर वीस वर्षे, म्हणजे २०१४ पर्यंत हयात होती. तेव्हा बाराव्या वर्षाचा प्रवास खरा, विमानतळावर परकी वाटणाऱ्या आईची भीती खरी; पण त्या भीतीभोवती उभारलेले घर कल्पनेचे.

या पुस्तकामुळे एक वेगळेच संकट उभे राहिले. कादंबरीत एक क्रूर चाल दाखवली आहे. मुलगी ‘चांगली’ राहिली आहे की नाही, याची आईच पारख करते. आणि आईची पारख तिच्या आईने केलेली असते. अमेरिकेतल्या काही हैतीयन वाचकांना राग आला. त्यांचे म्हणणे, आता लोक समजतील की आपल्या सगळ्या आया अशाच असतात. हा राग पोकळ नव्हता. परमुलखात आधीच हिणवल्या जाणाऱ्या लोकांना, आपल्यातली एखादी गोष्ट बाहेर गेली की ती सगळ्यांच्या कपाळी चिकटते, याची धास्ती असते. आपल्याकडेही एखाद्या जातीतल्या वा गावातल्या लेखकाने आतले काही लिहिले, की ‘घरचे उणे चव्हाट्यावर का मांडले?’ असे विचारतातच.

लेखिकेने काय केले? पुढच्या आवृत्तीच्या शेवटी तिने एक पत्र छापले. वाचकांना नव्हे, सोफीला! आपल्याच पात्राला लिहिलेले पत्र. त्याचा आशय असा, की बाई गं, तुझ्या अंगावर साऱ्या देशातल्या बायकांचे ओझे टाकले जात आहे; पण तुझी कथा ही तुझी, एका मुलीची, एका घराची. किती साधा आणि किती मोठा उपाय! पात्र म्हणजे मी नव्हे, आणि पात्र म्हणजे माझा देशही नव्हे, हे तिने भांडून सांगितले नाही. पात्राला नाव घेऊन हाक मारली, आणि ज्याला आपण हाक मारतो तो आपल्याहून वेगळा असतो, हे त्यातून आपोआप सिद्ध झाले.

जेव्हा तिला खरोखरच स्वतःचे सांगायचे होते, तेव्हा तिने आडोसा घेतला नाही. ज्या काकांनी वाढवले, त्या जोसेफकाकांचा आवाज घशाच्या शस्त्रक्रियेत कायमचा गेला होता. लहानपणी ही पुतणी त्यांच्या ओठांकडे बघून त्यांचे म्हणणे दुसऱ्यांना सांगत असे. वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी, २००४ मध्ये, गावातल्या दंगलीतून जीव वाचवून ते मायामीला आले, आणि तिथे सरकारी कोठडीत असतानाच वारले. त्यांची हकिकत तिने २००७ साली ‘ब्रदर, आय अ‍ॅम डाइंग’ या पुस्तकात नावानिशी, तारखांनिशी लिहिली. तिथे काका काकाच राहिले. कारण तिथे प्रश्न न्यायाचा होता, आणि न्यायाच्या ठिकाणी नाव बदलून चालत नाही.

यावरून काय दिसते? लेखिका आणि तिची माणसे यांच्यात तीन प्रकारचे धागे असतात. पहिला धागा द्रव्याचा: गाव, वय, घर, प्रवास, जेवणाचे वास. हा धागा सहज दिसतो, म्हणून वाचक तोच धरून ओढतात. दुसरा धागा बदलाचा: काय गाळले, काय घातले, काकूची मावशी कुठे केली. हा धागा शोधावा लागतो, आणि खरी कला त्यात असते. तिसरा धागा धोक्याचा. ज्या भीतीतून लेखिका लिहिते, तीच भीती पात्राच्या वाट्याला येते. प्रसंग मात्र निराळे.

हा तिसरा धागा समजायला एक जुनी गोष्ट उपयोगी पडते. गौरी देशपांडे यांनी मराठीवर आणखी एक उपकार केले आहेत. रिचर्ड बर्टनच्या ‘अरेबियन नाइट्स’चा त्यांनी सोळा खंडांत मराठी अनुवाद केला. त्यातली शहराजाद तुम्हाला माहीत आहे. राजा रोज एका मुलीशी लग्न करी आणि सकाळी तिला मारवी. शहराजाद रोज रात्री गोष्ट सांगते आणि उत्कंठेच्या जागी थांबते, म्हणून सकाळी जगते. तिच्या गोष्टींत कोळी आहेत, व्यापारी आहेत, जिन आहेत. पण शहराजाद स्वतः एकाही गोष्टीत नाही. आणि तरीही प्रत्येक गोष्टीत ती आहे, कारण पुष्कळ गोष्टींत कुणीतरी बोलून आपला किंवा दुसऱ्याचा जीव वाचवीत असते. लेखिकेला तिच्या पात्रांत शोधायचे असेल, तर ते असे शोधावे. कोळ्याच्या जाळ्यात तिचा पत्ता शोधू नये.

हैतीत गोष्ट सांगणारा आधी विचारतो, “क्रिक?” आणि ऐकणारे एका आवाजात उत्तर देतात, “क्राक!” मगच गोष्ट सुरू होते. दांतिकाबाईंच्या १९९५ च्या कथासंग्रहाचे नावच हे आहे. आपल्याकडे आजी गोष्ट सांगताना पोरांनी हुंकार द्यायचा असतो, हुंकार थांबला की आजी म्हणते, “झोपलास वाटतं!” म्हणजे गोष्ट ही सांगणाऱ्याची एकट्याची नसते, ऐकणाऱ्याच्या हुंकारावर चालते. मग ऐकणाऱ्याचीही काही जबाबदारी येते की नाही? ‘क्राक’ म्हणणे म्हणजे मी ऐकायला तयार आहे, असे वचन देणे. मी तुझ्या घराची झडती घेईन, असे त्या वचनात कुठेच नाही.

शिक्षक बंधुभगिनींना माझी एक विनंती आहे. वर्गात कथा शिकवताना मुलांनी विचारले, की हे खरे आहे का, तर त्यांना दटावू नका. प्रश्न निरागस असतो. फळ्यावर दोन रकाने पाडा. एकात लिहा, लेखिकेच्या चरित्रात काय आहे. दुसऱ्यात, कथेत काय आहे. जिथे दोन्ही जुळतात तिथे थांबू नका. जिथे जुळत नाहीत तिथे मुलांना विचारा, हे का बदलले असेल? मुले अशी उत्तरे देतात, की आपल्याला नवल वाटावे. मी सोफीची काकू आणि मावशी माझ्या वर्गात सांगितली, तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “सर, काकूवर रागावता येतं; मावशीवर रागावता येत नाही. म्हणून मावशी केली असेल.” हे मला सुचले नव्हते.

आणि कुणी आपल्यापैकीच लिहू लागली, शेजारची, सहकारी, आपली विद्यार्थिनी किंवा घरचीच सून, तर तिला ‘हे कुणाचं गं?’ असे विचारू नका. ‘पुढं काय झालं?’ असे विचारा. पहिल्या प्रश्नाने तोंड बंद होते, दुसऱ्याने उघडते.

ज्या बाईंची हकिकत मी सुरुवातीला सांगितली, त्यांच्याकडे मी पुढे मुद्दाम गेलो. शाळेच्या व्हरांड्यात बसून माझ्या त्या भाषणाबद्दल मी माफी मागितली. त्या हसल्या आणि म्हणाल्या, “जाऊ द्या सर. चहा घ्या.” लेखनाचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. मागल्या दिवाळीच्या सुमारास त्यांचा निरोप आला. चार ओळींचा होता. एक नवी कथा लिहिली आहे, जरा मोठी आहे, वाचून कळवा, एवढे लिहून खाली त्यांनी पुस्ती जोडली होती: “मात्र सर, समारंभ ठरलाच, तर यंदा भाषण दुसऱ्या कुणालातरी करू द्या.”

कथा मी वाचली. तिच्यात एक म्हातारा आहे, एक होडी आहे, आणि खाडीवर होऊ घातलेला पूल आहे. होडी कुणाची, हे मी विचारलेले नाही.